१०९८ नावाचा ब्रँड : एका नंबरकडून धंदा शिका, आणि तो काउंटरवर लावा



"सर, संस्थांचं कशाला सांगता, धंद्याचं सांगा." सामाजिक संस्थेचं नाव काढलं की ट्रेनिंगमध्ये कुणीतरी असं म्हणतंच. आपल्या डोक्यात गणित पक्कं असतं : धंदा म्हणजे नफा, संस्था म्हणजे देणगी, दोघांचा संबंध नाही. मला हे पटत नाही. एकही रुपया न घेता देशभर "गिऱ्हाईक" जोडणारी सेवा कशी उभी राहते, हे ज्याला कळलं त्याला दुकान चालवायला अवघड जाणार नाही.

मुंबईच्या डबेवाल्यांचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. आज मुंबईतलंच दुसरं उदाहरण घेऊ : चाइल्डलाइन, म्हणजेच १०९८. हरवलेलं, पळून आलेलं, पळवलेलं, मारहाण होत असलेलं, कामाला जुंपलेलं कुठलंही मूल किंवा त्याच्या वतीने कुणीही मोठं माणूस हा नंबर फुकट लावू शकतं, दिवसा किंवा रात्री.

सुरुवात कशी झाली?

जेरू बिलिमोरिया मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये शिकवत होत्या. रेल्वे स्टेशनवर आणि रात्रनिवाऱ्यात राहणाऱ्या मुलांमध्ये त्यांचं जाणं-येणं होतं. अडीअडचणीला फोन करा म्हणून त्यांनी स्वतःचा नंबर मुलांना दिला, आणि रात्री-अपरात्री फोन यायला लागले. कुणी आजारी, कुणाला पोलिसांनी धरलेलं, कुणाला मार लागलेला. मुलांना अशा माणसाची गरज होती जो फोन उचलेल आणि प्रत्यक्ष येईल.

जून १९९६ मध्ये याच गरजेतून संस्थेचा एक प्रकल्प म्हणून हेल्पलाइन सुरू झाली. १९९९ मध्ये चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन उभं राहिलं, केंद्र सरकारचा पैसा आला, आणि पुढच्या वीस वर्षांत हे काम पाचशेपेक्षा जास्त जिल्ह्यांत पोहोचलं. एका बाईच्या घरच्या फोनपासून इथपर्यंत. आता यातलं आपल्या कामाचं काय, ते बघू.

१. मागणी आधी, दुकान नंतर. आपल्याकडे उलटं होतं. आधी गाळा घेतो, फर्निचर करतो, उद्घाटनाला पाहुणे बोलावतो, आणि मग गिऱ्हाईक शोधतो. इथे फोन आधीपासून वाजत होता, यंत्रणा मागून आली. तुमचा फोन वाजतोय का? घरून चार-सहा महिने विकून बघा. ऑर्डर सांभाळता येईना झाली, की गाळा बघा.

२. नाव गिऱ्हाइकाच्या तोंडात बसलं पाहिजे. १०९८ हा आकडा मुलांच्या तोंडी "दस-नौ-आठ" असा बसला. दहा, नऊ, आठ, उलटी गिनती. अक्षरओळख नसलेल्या मुलालाही लक्षात राहते. आपण मात्र दुकानाचं नाव ठेवताना आजोबा, कुलदैवत आणि इंग्रजी शब्द एकत्र करतो, आणि गिऱ्हाईक शेवटी "ते बँकेसमोरचं दुकान" म्हणूनच ओळखतं.

३. सगळं स्वतः करायचा हट्ट नाही. चाइल्डलाइनने प्रत्येक जिल्ह्यात स्वतःच्या इमारती बांधल्या नाहीत. त्या-त्या गावात आधीपासून काम करणाऱ्या संस्था जोडून घेतल्या. नंबर एक, कामाची पद्धत एक, नोंदी ठेवायची रीत एक, पण माणसं स्थानिक. व्यापारी भाषेत हे फ्रँचायझीसारखंच झालं. मुंबईच्या माणसाला जालन्याच्या बसस्टँडवरचा चहावाला कोण हे कधीच कळणार नाही, जालन्याच्या माणसाला ते विचारावंही लागत नाही.

४. आलेल्या तक्रारी म्हणजे फुकटचं मार्केट रिसर्च. फोनच्या नोंदी बघताना लक्षात आलं, की मुलाला आधार देऊन भागत नाही. दवाखाना दाखल करून घ्यायला कां-कूं करतो, पोलिसाला मुलाशी कसं बोलावं ते माहीत नसतं, रेल्वेचा कर्मचारी हाकलून देतो. मग डॉक्टर, पोलीस, रेल्वे कर्मचारी यांच्यासाठी प्रशिक्षण सुरू झालं. गिऱ्हाईक काय मागून परत गेलं, याची वही तुमच्या दुकानात आहे का? नसेल तर आज घाला.

आता धोक्याची बाजू

काम देशभर वाढलं ते प्रामुख्याने सरकारी पैशावर. पुढे मिशन वात्सल्य योजना आली, आणि २०२३ मध्ये १०९८ ची सेवा फाउंडेशनकडून काढून राज्यांच्या महिला व बालविकास यंत्रणेकडे देण्यात आली, ११२ या आपत्कालीन नंबरशी जोडण्यात आली. जोडीदार संस्थांची जुनी व्यवस्था संपली.

यातून धंद्याचा सरळ धडा निघतो : ज्याच्याकडून बहुतेक पैसा येतो, त्याच्या हातात तुमची चावी असते. जालन्यात स्टील कारखान्यांना माल पुरवणारे कितीतरी छोटे सप्लायर एकाच कंपनीवर जगतात. त्या कंपनीने उद्या खरेदी स्वतःकडे घेतली, तर दोष कुणाला देणार? कमाईचा निम्म्याहून जास्त हिस्सा एका दारातून येत असेल तर दुसरं दार शोधायला लागा, आणि दिवस चांगले असतानाच लागा.

पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. संस्था बाजूला झाली तरी नंबर तोच राहिला. १९९६ साली पेरलेलं मुलांच्या तोंडात टिकलं. सरकारने जबाबदारी घेणं मला चूक वाटत नाही. मुलांची सुरक्षितता देणगीवर कायमची चालू नये, ते सरकारचंच काम आहे. माझी काळजी वेगळी आहे. वीस-पंचवीस वर्षांत जोडलेल्या ओळखी, स्टेशनवरचा हमाल, स्टँडवरचा रसवंतीवाला, देवळाबाहेरची फुलवाली, यांचं हस्तांतर कुठल्याही सरकारी आदेशाने होत नसतं. ती साखळी पुन्हा जोडावी लागते. आणि इथे, मित्रांनो, आपला नंबर लागतो.

दुकानदाराचं काम काय?

हरवलेलं मूल पोलीस ठाणं शोधत जात नाही. ते उजेड आणि माणसं असलेल्या ठिकाणी थांबतं, म्हणजे बहुतेक वेळा दुकानासमोर. अंगारकीला राजूरच्या गणपतीला, नवरात्रात अंबडला मत्स्योदरीच्या यात्रेला काय गर्दी असते ते मी तुम्हाला सांगायला नको. त्यात आपलं स्टेशन मनमाड-सिकंदराबाद मार्गावर. घरी रागावून निघालेलं पोरगं रात्री देवगिरीत बसलं की सकाळी मुंबईत. एमआयडीसीत बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं राहतात. त्यांच्या लेकराला मराठीत पत्ता सांगता येईलच असं नाही. अंबड, घनसावंगी, मंठा भागातून ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं दर हंगामाला नवं गाव बघतात.

असं मूल तुमच्या काउंटरशी आलं तर :

- पाणी द्या, बसवा, हळू बोला. एकदम दहा जणांचा घोळका करू नका.
- लगेच १०९८ किंवा ११२ लावा. "थोडा वेळ बघू, कुणी येईल" यात तास जातात.
- मुलाला स्वतःच्या घरी नेऊ नका. हेतू कितीही चांगला असला तरी अडचण मुलाचीही होते आणि तुमचीही.
- "मी मामा आहे" म्हणत कुणी आलं तरी परस्पर ताब्यात देऊ नका. पोलीस किंवा हेल्पलाइनचे लोक खात्री करतील.
- फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. अशा मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. शिवाय तो फोटो बघून चुकीचा माणूसही येऊ शकतो.
- सीसीटीव्ही असेल तर त्या वेळेचं रेकॉर्डिंग वेगळं काढून ठेवा. बऱ्याच दुकानांत जुनं आपोआप पुसलं जातं, आणि घड्याळही चुकीचं असतं. ते आजच नीट लावा.

हा नुसता चांगुलपणा नाही. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ३२ नुसार, हरवलेलं किंवा सोडून दिलेलं मूल ज्याला सापडलं आणि ज्याने ते ताब्यात घेतलं, त्याने प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत चाइल्डलाइन, पोलीस, बालकल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवायचंच आहे. न कळवणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

आणि मूल तुमच्या ओळखीच्या कुणाचं हरवलं असेल, तर "चोवीस तास थांबा, मग तक्रार घेऊ" हे ऐकून परत फिरू नका. १० मे २०१३ ला बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे की हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर एफआयआर नोंदवायचाच, आणि अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरूनच तपास सुरू करायचा.

अफवेचा धंदा करू नका

"मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा." असे मेसेज दर वर्षा-दोन वर्षांनी फिरतात, आणि व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर सगळ्यात आधी फिरतात, कारण आपले संपर्क जास्त. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात याच संशयावरून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. दिवस आठवडी बाजाराचा होता. म्हणजे भोवती दुकानं होती, दुकानदार होते. अशा वेळी काउंटरवरच्या एका माणसाने शटर ओढण्याऐवजी ११२ लावला पाहिजे. ग्रुपचे ॲडमिन असाल तर असा मेसेज आला की थेट विचारा : "कुठल्या पोलीस ठाण्याची माहिती आहे?" उत्तर नसेल तर काढून टाका.

आणि आपल्याच दुकानातला "पोऱ्या"?

हे कडू आहे, पण बोललं पाहिजे. मुलांच्या सुरक्षिततेवर स्टेटस ठेवायचा आणि चहा आणायला बारा वर्षांचा मुलगा ठेवायचा, हे चालणार नाही. "त्याच्या घरची गरज आहे, मी उपकारच करतोय" हे मी खूप ऐकलं आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. सवलत आहे ती स्वतःच्या घरच्या धंद्यात, शाळा सांभाळून मदत करण्यापुरती. मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडाचं सोडा, ज्या मजुरीवर धंदा फायद्यात दिसतो ती मजुरी खरी धरून हिशोब करा. मोठ्या माणसाचा पगार देऊन धंदा परवडत नसेल, तर तुमची किंमत चुकली आहे किंवा धंदा चुकला आहे. त्याची भरपाई लेकराने का करायची? त्याच्या घरची खरंच गरज असेल, तर त्याच्या आईला किंवा मोठ्या भावाला काम द्या.

जुनी माणसं अभिमानाने म्हणतात, "जालना, सोने का पालना." सोनं म्हणजे इथला व्यापार, हे आपल्याला माहीत आहे. पण पालना म्हणजे पाळणा, हे आपण विसरतो. ज्या गावाच्या म्हणीतच पाळणा आहे, त्या गावच्या बाजारात लेकरू बिनधास्त फिरलं पाहिजे. आणि बाजाराचा साधा नियमही तोच सांगतो : जिथे आई लेकराचा हात सोडून निवांत भाव करू शकते, तिथे ती पुन्हा येते.

या आठवड्याचं काम एकच. एक कागद घ्या, मोठ्या अक्षरात "१०९८" लिहा, खाली "हरवलेल्या मुलाने इथे थांबावं" असं लिहा आणि काउंटरच्या बाहेरच्या बाजूला चिकटवा, मुलाच्या उंचीला. दुकानातल्या प्रत्येक नोकराला नंबर पाठ करायला लावा. खर्च शून्य.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत, धंदा सांभाळा आणि आजूबाजूची लेकरंही.