सगळ्यात भारी कार्ट्रिज कोणतं? प्रश्नच चुकलाय!

आषाढीला माउलींची पालखी वेळापुरात मुक्कामाला येते, तेव्हा घराघरांत आवराआवर निघते. अशात माळ्यावर आजोबांच्या तबकड्या सापडल्या, की आपल्यातलं कुणीतरी टर्नटेबल शोधायला लागतं आणि विचारतं, ‘सगळ्यात भारी कार्ट्रिज कोणतं?’ मित्रांनो, त्याआधी विचारा, ‘माझ्या टोनआर्मला कोणतं चालेल?’

सुईमागची बारीक दांडी स्प्रिंगसारखी लवते आणि अख्खा आर्म हे त्या स्प्रिंगवरचं वजन. बारावीच्या फिजिक्सचंच गणित. रिकामा टेम्पो खडखडत जातो, उसाने भरलेला संथ डुलतो, तसंच इथे. हे डोलणं 8 ते 12 हर्ट्झच्या दरम्यान असावं. खाली गेलं तर वाकलेल्या तबकडीचे हेलकावे आणि घरातली पावलं सुईला नाचवतात. फार वर गेलं तर गाण्याचा खर्ज बिघडतो.

हिशोब करून बघा. आर्मचं प्रभावी वजन (हे काट्यावरचं नव्हे, माहितीपत्रकातलं), कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममधली बेरीज कॉम्प्लायन्सने, म्हणजे सुईच्या लवचीकपणाच्या आकड्याने, गुणा. वर्गमूळ काढा आणि 159 ला त्याने भागा. ऑर्टोफॉनचं 2एम रेड 7.2 ग्रॅमचं, कॉम्प्लायन्स 20. 10 ग्रॅमच्या आर्मवर, स्क्रूचा एक ग्रॅम धरून, उत्तर 8.3 येतं. जमलं! तेच 25 ग्रॅमच्या जड आर्मवर 6.2 येतं. कार्ट्रिज तेच, पैसे तेच, जोडी मात्र फसली. (जपानी कंपन्या बऱ्याचदा 100 हर्ट्झचा कॉम्प्लायन्स छापतात. तो इथे थेट घालू नका.)

तबकड्या 78च्या निघाल्या तर मात्र थांबाच. त्यांची खाच रुंद असते, तिला साधारण 3 मिलची सुई लागते. एलपीची 0.7 मिलची सुई खाचेच्या तळाशी घासत राहते. उलट जुन्या ग्रामोफोनच्या पोलादी सुईखाली एलपी ठेवलात, तर गाणं कायमचं खरवडलं म्हणून समजा. सिनेमाची गाणी मोबाइलवर मिळतील हो, पण एखाद्या भजनाची तबकडी कदाचित तुमच्याच माळ्यावर उरली असेल.

म्हणून दुकानात दोनच गोष्टी विचारा: आर्मचं प्रभावी वजन किती, आणि कार्ट्रिज बदलता येतं का? उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशातच ठेवा. तोवर तबकड्या पत्र्याखालून खाली आणून उभ्या लावा. सोलापूरचा उन्हाळा एलपी वाकवायला वेळ लावत नाही.