दोन वह्या आणि एक मत

आमच्या गावाची पहिली अडचण अशी की, त्या नावाची गावे दोन आहेत. केडगाव म्हटले की परगावचा मनुष्य हमखास विचारतो, "म्हणजे पंडिता रमाबाईंचं?" ते केडगाव दौंडजवळचे. आमचे केडगाव नगरचे, पुणे रस्त्यावरचे, रेणुकामातेचे. १ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एस. टी. नगरहून पुण्याला गेली ती आमच्या अंगावरूनच, एवढाच काय तो आमचा अभिमान. नवरात्रात देवीच्या दर्शनाला सारे शहर आमच्याकडे लोटते. एरवी त्याला आमची आठवण होते ती निवडणुकीत. नगरचे सरकारदरबारी २०२४ साली अहिल्यानगर झाले. आमचे नाव मात्र तेच राहिले, आणि घोटाळाही तोच.

गावाच्या ओळखीची ही तऱ्हा, तर माणसाच्या ओळखीचे काय सांगावे?

गोष्ट २०१८ च्या नोव्हेंबरअखेरची. महापालिकेची निवडणूक तोंडावर आलेली. सकाळी दहाच्या सुमाराला मी व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. फाटक वाजले. माझाच एक जुना विद्यार्थी बगलेत जाडजूड वही मारून आत आला.

"गुरुजी, चारच मिनिटं."

शाळेत असताना या मुलाने एकही वही पूर्ण लिहिली नव्हती. ही मात्र शेवटच्या पानापर्यंत भरलेली दिसली. मतदारयादीतले एकेक घर, घरातली माणसे, आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने काढलेली खूण. कुठे गोल, कुठे फुली, कुठे त्रिकोण.

"मूळ गाव कोणतं म्हणालात, गुरुजी?"

"पारनेर तालुक्यातलं."

"कुलदैवत?"

"खंडोबा."

त्याने मान डोलावली, पण पेन्सिल हलली नाही. खंडोबा अर्ध्या महाराष्ट्राचा! त्याच्यावरून कोणाचा काय पत्ता लागणार?

"थोरल्या ताईंना कुठं दिलंय? पाहुण्यांचं आडनाव काय?"

आता माझ्या ध्यानात आले. आमचे आडनाव चार जातींत सापडते, आणि व्याह्यांचेही त्याच गुणाचे आहे. मी भाबडेपणाने ते सांगितले. बिचाऱ्याचा चेहरा गणिताचा पेपर हातात पडल्यासारखा झाला. आतून ही ओरडली, "अहो, सांगून टाका ना त्याला एकदाचं! चहा निवतोय." मी सांगितले नाही. अखेर त्याने माझ्या नावापुढे एक मोठे प्रश्नचिन्ह काढले, चहा घेतला आणि तो गेला.

त्या आठवड्यात आणखी तीन पक्षांच्या वह्या येऊन गेल्या. पुढे कानावर आले की तिघांनीही आम्हांला "आपले" म्हणून धरले आहे. खोटे कशाला बोलू? मला उपवर मुलासारखा भाव आल्याचे समाधान वाटले.

वाचकहो, तुमच्याआमच्या खिशात आणखी एक ओळख असते; शेषनसाहेबांनी १९९३ साली सुरू करायला लावलेले मतदार ओळखपत्र. त्यावरच्या फोटोतल्या गृहस्थाशी माझा परिचय नाही. पण मतदान केंद्रावर त्याबद्दल कधी कोणी हरकत घेतली नाही. त्या पत्रावर नाव असते, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव असते, वय असते, पत्ता असतो. जात नसते. सरकारला जे पुसावेसे वाटले नाही, ते पुसायला वहीवाला दारात येतो.

आता दुसऱ्या वहीबद्दल सांगतो.

आमच्या मागच्या आळीत एक मावशी राहतात. अंगणवाडीत पंचवीस वर्षे काढली. नवरा नाही, मुलगा परगावी. शहराला पाणी मुळा धरणातून येते, पण आमच्या टोकापर्यंत पोचता पोचता ते दमते. उन्हाळ्यात टँकर आला की पूर्वी हंड्यांपेक्षा डोकी जास्त फुटत. मावशींनी एक वही केली. कोणाच्या घरी किती माणसे, कोण आजारी, कोणाकडे बाळंतीण, काल कोणाचा नंबर हुकला, सारे त्यात. आमच्या घरापुढे त्यांनी लिहिले होते : "दोन म्हातारी माणसे. गुरुजींचा गुडघा. पहिला नंबर द्यावा."

त्या वर्षीच्या एप्रिलात केडगावात पोटनिवडणुकीच्या निकालाच्या दिवशी दोन माणसांचे खून झाले. पुढे कित्येक दिवस संध्याकाळी सात वाजताच दारे लागत. निवडणूक हा शब्द निघाला की बायका मुलांना आत घेत. डिसेंबरची निवडणूक जाहीर झाली तेव्हा मावशी आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, मी उभी राहते. कोणीतरी साध्या माणसानं राहिलं पाहिजे. नाहीतर हे असंच चालायचं."

मी म्हटले, "अवश्य राहा." अर्जावर त्यांचा पत्ता माझ्याच हस्ताक्षरात आहे.

आळीतही सगळ्यांना आनंद झाला. मात्र प्रत्येक जण आनंदाच्या शेपटीला एक वाक्य जोडी : "बाई सोन्यासारखी आहे, पण निवडून यायची नाही." कारणेही बिनतोड होती. नगरात ६८ जागा आणि १७ प्रभाग. म्हणजे एकेका प्रभागात चार नगरसेवक, आणि प्रत्येक मतदाराला चार मते. पक्षाचे चौघे एका गाडीतून फिरत. मावशी एकट्या आणि पायी. त्यांच्या समाजाची घरे मोजकी. पैशाचे नाव नको. "इलेक्टिव्ह मेरिट नाही हो," असे आमचा किराणावालासुद्धा साखर तोलता तोलता म्हणाला. हा शब्द त्याने वर्तमानपत्रातून उचलला होता, पण वजन बरोबर केले.

मतदान ९ डिसेंबरला, रविवारी झाले. बोटाला शाई लावून मी पडद्याआड गेलो. तीन बटणे दाबली. चौथ्या जागेत मावशींचे नाव होते. बोट तिथवर गेले. तेवढ्यात मनातला हिशेबनीस जागा झाला : हे मत वाया जाणार! त्यापेक्षा ज्यांच्यात खरी लढत आहे त्यांपैकी बऱ्यातल्या बऱ्याला द्यावे. शिवाय वहीवाला बजावून गेला होता, "गुरुजी, हे नुसतं नगरसेवकाचं मत नाही, महापौराचं मत आहे." बोट दोन ओळी खाली सरकले. यंत्र लांबलचक वाजले आणि मी बाहेर आलो.

आता त्या महापौराचे काय झाले ते ऐका. आपल्या महापालिकांत महापौर तुम्ही आम्ही निवडत नाही, नगरसेवक निवडतात. शिवसेनेला २४ जागा मिळाल्या, राष्ट्रवादी काँग्रेसला १८, भारतीय जनता पक्षाला १४. बहुमताला हवेत ३५. २८ डिसेंबरला महापौर झाले ते तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाचे बाबासाहेब वाकळे, आणि तेही राष्ट्रवादीच्या नगरसेवकांच्या पाठिंब्याने. पक्षाने पुढच्याच महिन्यात त्या नगरसेवकांवर कारवाई केली, पण महापौर व्हायचा तो झालाच होता. ज्यांनी "त्यांना" अडवायचे म्हणून "ह्यांना" मत दिले होते, त्यांनी पाहिले की "ह्यांनी"च "त्यांना" उचलून खुर्चीवर बसवले. यात कायद्याबाहेर काही नव्हते. फक्त मी पडद्याआड केलेला बारीक हिशेब कोणाच्याच उपयोगी पडला नव्हता.

मावशींची अनामत गेली. दुसऱ्या दिवशी आळीतले लोक एकेक करून त्यांच्याकडे जाऊन आले, आणि जो तो म्हणाला, "मावशी, माझं मत तुम्हांलाच होतं." असे सांगणारे जितके झाले, तितकी मतेसुद्धा त्यांच्या नावापुढे नव्हती. पुढे कट्ट्यावर खरे हळूहळू बाहेर आले. प्रत्येकाला त्याच हव्या होत्या. प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहिले आणि त्या निवडून येणार नाहीत असे ठरवले. आम्ही साऱ्यांनी मिळून एक अंदाज बांधला आणि साऱ्यांनी मिळून तो खरा करून दाखवला.

"निवडून येणारा" ही काय जन्मजात जात आहे? मुंबईत १९५८ साली मिरत कटातले एकेकाळचे आरोपी कॉम्रेड मिरजकर महापौर झाले, १९५९ साली दलित समाजातले पी. टी. बोराळे झाले. त्याआधी दहा वर्षे ही नावे कोणी घेतली असती तर लोक हसले असते. छत्तीसगडात महापौर थेट जनता निवडत असे. तिथे रायगडला जानेवारी २०१५ मध्ये मधू किन्नर अपक्ष उभी राहिली. रेल्वेगाड्यांत गाऊन-नाचून पोट भरणारी ती. ना पक्ष, ना पैसा, ना तिच्या "समाजाची" घरे. ती साडेचार हजारांवर मतांनी निवडून आली. आणि लांब कशाला जा? बाई निवडून येत नाही, हे आमच्या लहानपणी शहाण्यांचे मत होते. राखीव जागा आल्या आणि याच नगरात शीला शिंदे, सुरेखा कदम, रोहिणी शेंडगे अशा तीन महापौर होऊन गेल्या. तेव्हा ओळखीने दार बंद होते तसे उघडतेही, हे मी नाकारत नाही. माझी तक्रार आहे ती दारावर टेकून उभ्या राहिलेल्या आम्हां शहाण्यांबद्दल.

महिनाभर माझ्या घशाखाली घास नीट उतरला नाही. शेवटी संक्रांतीचा तिळगूळ घेऊन मावशींकडे गेलो आणि म्हणालो, "मावशी, मी तुम्हांला मत दिलं नाही."

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, खरं सांगणारे तुम्ही पहिलेच." आणि तिळगूळ तोंडात टाकला.

त्या सभागृहाची मुदत डिसेंबर २०२३ मध्ये संपली. दोन वर्षे प्रशासकाचा कारभार झाला आणि १५ जानेवारी २०२६ ला पुन्हा मतदान झाले. अर्ज भरायच्या दिवसांत मी मावशींकडे गेलो. म्हटले, या खेपेला पत्ताच नव्हे, सगळा अर्ज मी लिहितो. सकाळ-संध्याकाळ तुमच्याबरोबर दारोदार फिरतो. त्या हसल्या. "गुडघा सांभाळा, गुरुजी. एकदा उभी राहिले, पुरे झालं." मी तीनदा गेलो, तीनदा तेच उत्तर. त्या दिवशी पडद्याआड त्यांचे नाव मी वरपासून खालपर्यंत शोधले. नाही हे ठाऊक असून शोधले.

वहीवाला विद्यार्थी याही वेळी आला होता. आता वही नाही, मोबाइल. मी म्हटले, "माझ्या नावापुढं काय आहे ते दाखव." त्याने ओशाळून दाखवले. प्रश्नचिन्ह गेले होते. तिथे "आपले" असे लिहिले होते.

"ते प्रश्नचिन्ह परत घाल, बाळ," मी म्हणालो.

"का हो, गुरुजी?"

"मागच्या खेपेला मी ते वाया घालवलं, म्हणून."

मावशींची वही अजून चालू आहे. टँकर आला की आळीच्या तोंडाशी उभ्या राहून त्या आधी आमच्याच घराकडे हाक देतात, "गुरुजी, पहिला नंबर तुमचा!" मी हंडा घेऊन जिना उतरतो आणि खाली मान घालून तो भरून घेतो.