पंपाचा हिशोब अन् मोबाईलमधलं गणित

या पानावर बोंडअळी, हुमणी, पीकविमा असे विषय नेहमीच येतात. आज मात्र गणिताविषयी लिहितो आहे, तेही मोबाईलवर गणिताचे धडे कसे शोधावेत याविषयी. कृषी खात्याच्या माणसाने मास्तरांच्या धुऱ्यात पाय कशाला घालावा, असे कुणी म्हणेल. म्हणून आधी दिंद्रुडच्या शिवारात गेल्या खरिपात काय घडले ते सांगतो.

सोयाबीनवर अळी होती. एका वस्तीवर गेलो तर घरधनी बॅटरीचा पंप भरायलेत. औषधाची शिफारस दहा लिटर पाण्याला ५ मिली, पंप सोळा लिटरचा, अन् अण्णांनी ओतलं दीड झाकण. मी म्हणालो, "अण्णा, झाकणात किती मिली बसतंय?" तर म्हणाले, "आता झाकण म्हंजी झाकण, साहेब!" थोरली लेक नववीला. बाजेवर बसून मोबाईलवर गणिताचाच व्हिडिओ बघत होती. अण्णा कौतुकाने म्हणाले, "बाईचं समदं ऑनलाईन चालतंय, रोज दोन दोन तास."

मी तिला विचारलं, "बाळा, दहाला पाच, तर सोळाला किती?" पोरगी गडबडली. व्हिडिओतले मास्तर हिंदीत 'समानुपात' शिकवत होते, सूत्र तिला तोंडपाठ होतं. वहीच्या मागच्या पानावर मी त्रैराशिक मांडलं, उत्तर आठ आलं, तेव्हा ती पटकन बोलली, "सर, हे तर सहावीतलं गुणोत्तर-प्रमाण हाय की!" म्हणजे तिला येत होतं. व्हिडिओतला शब्द आणि पुस्तकातला शब्द एकच आहे, एवढंच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. कारणे अनेक होती, नुसत्या मापाची चूक नव्हती. पण झाकणाने औषध मोजण्याची सवय आपल्याकडेही आहेच. आणि घरात नववीची लेक असताना बापाने अंदाजाने विष ओतावे, हे मला पटत नाही.

मोबाईलने पोरं बिघडली, असे पारावर रोज ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. माझ्या मते दोष निवडीचा आहे. बियाणे घेताना आपण पिशवीवरचा टॅग बघतो, पावती जपून ठेवतो. पण लेकराच्या डोक्यात पेरायचा धडा मात्र जो मोठ्याने ओरडतो त्याचा घेतो. 'एका मिनिटात गणित' असे लाल अक्षरात लिहिलेले दिसले की पोरगं तिथेच बोट ठेवतं.

आता शोधायचे कसे? पहिली गोष्ट, पुस्तक हातात घेऊन शोधावे. इयत्ता आणि धड्याचे नाव मराठीत, पुस्तकात आहे तसे लिहावे. २०१८ साली आलेल्या आठवीच्या पुस्तकात 'चलन' नावाचा धडा आहे. नुसते 'चलन' लिहून शोधा, नोटाबंदी समोर येते! 'इयत्ता आठवी गणित चलन' असे लिहिले तर काम होते. हिंदी धडा बघायचाच तर शब्दांची सांगड आधी वहीत लिहून ठेवावी. आपला लसावि म्हणजे त्यांचे लघुत्तम समापवर्त्य, आपला मसावि म्हणजे महत्तम समापवर्तक, आपले गुणोत्तर म्हणजे त्यांचा अनुपात. सेमी इंग्रजीच्या पोरांना तिसरा रकाना आखावा लागेल. असा तक्ता शाळेच्या भिंतीवर असला तर गुरुजींचेही काम हलके होईल.

बालभारतीची पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. पुस्तके बदलत असतात, म्हणून चालू वर्षाचेच घ्यावे. केंद्र सरकारचे दीक्षा ॲप २०१७ साली सुरू झाले. पुस्तकातला चौकोनी कोड त्यातून टिपला की त्या धड्याचे साहित्य निघते. पुस्तकात असे कोड घालण्याची वाट दाखवण्यात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी पुढे होते. खान अकॅडमीवरही मराठीत गणिताचे धडे आणि सरावाची उदाहरणे आहेत, पैसे लागत नाहीत. शिक्षकांनी अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ जरूर बघावे. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब एवढ्यावर त्यांनी भूमितीचे आकार करून दाखवलेत. मंगला नारळीकर बाईंचे 'गणितगप्पा' मात्र छापील पुस्तक आहे, शाळेच्या कपाटात असावे. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकातल्या 'वीस एक, वीस दोन' वरून याच बाईंवर महाराष्ट्रभर टीका झाली होती. पण एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यात लेकरू कसं अडखळतं, हे ज्याने शिकवलंय त्याला विचारा.

एवढे सापडले तरी लगेच पेरू नये. आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघतो की नाही? तसेच इथे करावे. एक धडा चार-पाच पोरांना दाखवावा, मोबाईल बाजूला ठेवावा आणि त्याच प्रकारचे, पण आकडे बदललेले गणित वहीत सोडवायला द्यावे. पाचातल्या चौघांना आले तर धडा चांगला. नाही आले तर दुसरा शोधावा. गुरुजी कितीही गोड बोलत असले तरी. नुसते बघून गणित येत नाही, जसे पेरणीयंत्राचा व्हिडिओ बघून रान पेरले जात नाही. २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांनाच साधा भागाकार आला. तोवर मोबाईल तर बहुतेक घरांत पोचला होता.

आणखी एक. आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे कोयते निघतात. काही लेकरं आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, बरीच फडावर जातात. तिथे रेंज असेल-नसेल. गाडी भरायच्या आधीच पुस्तक आणि चार-सहा धडे मोबाईलमध्ये उतरवून द्यावेत. दीक्षावरून तसे करता येते. हे काम गावातल्या कॉलेजच्या पोरांनी एका संध्याकाळी करावे. मुकादमाची उचल मोजायलाही तेच गणित लागते.

खरीपपूर्व सभेला या वेळी शाळकरी पोरांनाही घेऊन या, पुस्तकासह. एक उदाहरण आत्ताच देऊन ठेवतो. सोयाबीनला हेक्टरी ६० किलो स्फुरदाची शिफारस आहे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के, पोते ५० किलोचे. अडीच एकराचा हेक्टर धरून एकराला किती पोती लागतील? उत्तर तीन आहे. ते कसे आले, हे पोराने वहीत मांडून आणावे; बापाने आणले तरी चालेल.