चर्चा हवी, पण कोणत्या नियमानुसार?

संसदेचे अधिवेशन सुरू झाले, की पहिले काही दिवस गोंधळात वाहून जातात आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर हौद्यात उतरलेले खासदार तेवढे दिसत राहतात. सरकार सांगते, 'आम्ही चर्चेस तयार आहोत'. विरोधक म्हणतात, 'सरकार चर्चेपासून पळ काढत आहे'. गंमत अशी, की बहुतेक वेळा दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे असते. वाद चर्चा व्हावी की नाही, हा नसतोच. ती कोणत्या क्रमांकाच्या नियमाखाली व्हावी, हा असतो.

लोकसभेच्या नियम १९३ अन्वये होणाऱ्या अल्पकालीन चर्चेत भाषणे होतात, मंत्री उत्तर देतात आणि विषय संपतो. नियम १८४ अन्वये मात्र सभागृहापुढे रीतसर प्रस्ताव येतो आणि अखेरीस मतदान होते. स्थगन प्रस्ताव याहून धारदार. त्यात दिवसाचे नियोजित कामकाज बाजूला ठेवले जाते आणि सरकारवरील ठपक्याचा अंश त्यात गृहीत असतो. म्हणूनच मंत्रिमंडळ ज्या सभागृहाला उत्तरदायी नाही, त्या राज्यसभेत ही तरतूद नाही. विषय निश्चित, तातडीचा, अलीकडे घडलेला आणि सार्वजनिक महत्त्वाचा असावा, ही अट. तो तसा आहे की नाही, हे अध्यक्ष ठरवितात. सरकारला स्वाभाविकपणेच १९३ प्रिय असतो. बहुमत हाताशी असले, तरी मित्रपक्षांना मतदानाच्या कसोटीवर उभे करण्याची हौस कोणत्याही सरकारला नसते.

या हौसेच्या अभावाचे उत्तम उदाहरण २०१२ च्या हिवाळी अधिवेशनात पाहावयास मिळाले. बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के थेट परकीय गुंतवणुकीस मनमोहन सिंग सरकारने सप्टेंबरमध्ये मुभा दिली. निर्णय प्रशासकीय असल्याने संसदेच्या मंजुरीची गरज नव्हती. भारतीय जनता पक्षाने तरीही १८४ चाच आग्रह धरला आणि २२ नोव्हेंबरपासून सुरू झालेल्या अधिवेशनाचे पहिले दिवस त्यातच गेले. आकड्यांची जुळवाजुळव झाल्यावरच सरकारचा विरोध मावळला आणि अध्यक्ष मीरा कुमार यांनी प्रस्ताव दाखल करून घेतला. सुषमा स्वराज यांच्या त्या प्रस्तावाच्या बाजूने ५ डिसेंबरला २१८ आणि विरोधात २५३ मते पडली. समाजवादी पक्ष व बहुजन समाज पक्ष यांनी भाषणांत निर्णयावर टीका केली आणि मतदानाच्या वेळी सभात्याग केला. दोघांचे मिळून सुमारे ४३ सदस्य होते. ते प्रस्तावाच्या बाजूने उभे राहिले असते, तर निकाल उलटला असता. नियम १९३ खाली चर्चा झाली असती, तर हे दोन पक्ष नेमके कुठे उभे आहेत, हे कोणालाच मोजता आले नसते.

गुजरातमधील दंगलींवर २००२ मध्येही दीर्घ कोंडीनंतर १८४ खालीच चर्चा झाली होती. त्या वेळी सत्तेवर वाजपेयी सरकार होते आणि मतदानाची मागणी काँग्रेसची होती. बाके बदलली, की नियमांविषयीची मतेही बदलतात.

राज्यसभेत हाच संघर्ष नियम २६७ आणि १७६ यांच्यात रंगतो. १७६ म्हणजे अल्पकालीन चर्चा. तर २६७ अन्वये अन्य नियम स्थगित करून तातडीचा विषय घेता येतो. मात्र २००० मधील दुरुस्तीने हा मार्ग त्या दिवशीच्या कार्यक्रमपत्रिकेवरील कामकाजापुरता आखडला गेला. त्यानंतर सूचना ढिगाने येतात आणि बहुतेक फेटाळल्या जातात. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदीवरील चर्चा हा दुर्मीळ अपवाद.

मणिपूरच्या हिंसाचारावर जुलै २०२३ मध्ये सरकारने १७६ देऊ केला, विरोधक २६७ वर अडले. ही कोंडी विरोधकांनी लोकसभेत वेगळ्याच मार्गाने फोडली. अविश्वास प्रस्तावाला ५० सदस्य उभे राहिले, की तो अनुमतीस पात्र ठरतो. विषयाच्या तातडीवर अध्यक्षांना मत द्यावे लागत नाही. गौरव गोगोई यांच्या प्रस्तावाला २६ जुलैला अनुमती मिळाली. पराभव ठरलेलाच होता, पण पंतप्रधानांनी सभागृहात बोलावे, एवढाच हेतू होता आणि तो १० ऑगस्टला साधला. तथापि चर्चेची तारीखही सत्तेचेच हत्यार ठरते. नियमात १० दिवसांची मर्यादा असताना चर्चा ८ ऑगस्टला सुरू झाली आणि मधल्या काळात, ३ ऑगस्टला, दिल्लीतील सेवांविषयीचे वादग्रस्त विधेयक लोकसभेने संमतही केले.

या प्रस्तावाचा मार्गही निर्वेध नाही. मार्च २०१८ मध्ये तेलुगू देसम आणि वायएसआर काँग्रेसच्या सूचना दिवसामागून दिवस आल्या. सभागृह शांत नसल्याने उभ्या सदस्यांची मोजणी करता येत नाही, असे कारण देत अध्यक्ष सुमित्रा महाजन कामकाज तहकूब करीत राहिल्या. नियमाच्या शब्दाला धरूनच हे होते. पण मग गोंधळ घालणाऱ्या एखाद्या गटाच्या हाती कोणताही प्रस्ताव अडविण्याची किल्ली आपोआप येते, त्याचे काय? प्रस्ताव अखेर २० जुलैला आला आणि १२६ विरुद्ध ३२५ मतांनी फेटाळला गेला.

कधी तोडगा नियमात नव्हे, तर शीर्षकात सापडतो. मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणावर चर्चेची मागणी २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात धुडकावली गेली. निवडणूक आयोग स्वायत्त असल्याने त्याच्या कारभारावर सभागृहात चर्चा करता येत नाही, हा सरकारचा युक्तिवाद होता. हिवाळी अधिवेशनात ९ आणि १० डिसेंबरला चर्चा झाली, ती 'निवडणूक सुधारणा' या व्यापक नावाखाली. भाषणे अर्थातच पुनरीक्षणावर झाली.

वेळेची वाटणी कामकाज सल्लागार समिती करते. लोकसभेत अध्यक्षांच्या नेतृत्वाखालील या समितीत जास्तीत जास्त १५ सदस्य असतात. समितीत एकमताचा प्रघात आहे. परंतु सरकारी कामकाज कोणते आणि कधी, याचा प्रस्ताव संसदीय कार्य मंत्रालयाकडूनच येतो. ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये प्रत्येक सत्रात २० दिवस विरोधकांच्या विषयांसाठी राखून ठेवलेले असतात आणि त्या दिवशी काय मांडायचे, हे विरोधकच ठरवितात. महाराष्ट्र विधानसभेत विरोधकांचा नियम २९३ खालील प्रस्ताव अधिवेशनाचा नेहमीचा भाग बनला आहे. लोकसभेत मात्र विरोधी पक्षांच्या हक्काचा असा एकही दिवस नाही; सरकारबाहेरच्या सदस्यांसाठी राखीव आहेत ते शुक्रवारचे शेवटचे अडीच तास, आणि त्यांतही कोणाचा ठराव आधी येणार, हे चिठ्ठी ठरविते.