फेफरं : एक शब्द आणि दोन मिनिटं

परीक्षेचं वेळापत्रक लागलं की ‘बघूनच फेफरं आलं’ असं आपण सहज बोलून जातो. मंडळाच्या अंकात शब्दांवर लिहायचं असतं, म्हणून मी या शब्दावर लिहितेय. माझं म्हणणं साधं आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी कशा बोलतात हे ज्याला कळलं, तो हा शब्द विनोदाला वापरणार नाही, आणि झटका आलेल्या माणसाच्या नाकाला चप्पलही लावणार नाही.

आधी पेशींचं बोलणं बघू. आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्या सगळ्या एका अखंड जाळ्यात जोडलेल्या आहेत, असं इटलीच्या कामिल्लो गॉल्जीचं मत होतं. स्पेनच्या रामोन इ काहालने गॉल्जीचीच पेशी रंगवण्याची पद्धत वापरून दाखवलं की प्रत्येक पेशी सुटी आहे. १९०६चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, तरी गॉल्जीने नोबेलच्या व्याख्यानातही आपला हेका सोडला नाही. पुढे काहालच बरोबर ठरला.

पेशी सुट्या, मग निरोप जातो कसा? पेशीच्या आत तो विजेचा असतो. टोकाशी पोचला की पुढे फट येते, मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी. पाठ्यपुस्तकात आपण तिला संपर्कस्थान म्हणतो. बहुतेक ठिकाणी वीज ही फट ओलांडत नाही, तिथे रसायन सुटतं आणि पलीकडच्या पेशीला जाऊन चिकटतं. १९२१ साली ऑटो लोवीने बेडकाच्या हृदयाची नस छेडून ते मंद केलं आणि त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं. त्या हृदयाची नस कुणी छेडली नव्हती, तरी तेही मंदावलं. म्हणजे निरोप द्रावणातून गेला होता.

या रसायनांपैकी ग्लुटामेट म्हणतं ‘बोल’, गाबा म्हणतं ‘थांब’. हजारो ‘बोल’ आणि ‘थांब’ यांची बेरीज करून पेशी ठरवते, पुढे निरोप द्यायचा की गप्प बसायचं. हा तोल बिघडला की असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच तालात बोलू लागतात. तोच झटका. फेफरं, आकडी, फिट, अपस्मार, नाव काहीही द्या. त्यात कुणाची करणी नाही, पाप नाही, आणि वेड तर नाहीच नाही.

माझं आजोळ खातेगावचं. देवास जिल्हा, इंदूर-बैतूल रस्ता, जवळच नेमावरला नर्मदा. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि माळवी. बाहेर या आजाराला मिर्गी म्हणतात आणि घरात काहीच म्हणत नाहीत. माझ्या मामेबहिणीला नववीत असताना वर्गातच झटका आला. कुणी कांदा फोडला, कुणी चप्पल हुंगवली. झटका दोनेक मिनिटांत आपोआप थांबला आणि श्रेय चपलेला मिळालं. शाळेने सांगितलं, पूर्ण बरी होईपर्यंत पाठवू नका. मामी आईला फोनवर म्हणाली, “ताई, कुणाला बोलू नका हं. उद्या हिचं लग्न व्हायचंय.”

मामीला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. हिंदू विवाह कायद्यातच वारंवार येणारे अपस्माराचे झटके लग्नाच्या आड येत होते. तो शब्द कायद्यातून निघाला १९९९ साली. कागदावरून गेला, मनातून कुठे गेला? पुण्यात यशोदा वाकणकर यांच्या ‘संवेदना’ गटाला अपस्मार असलेल्यांची लग्नं जुळवण्याचंही काम हाती घ्यावं लागलं, यातच सगळं आलं.

कुणी म्हणेल, एका शब्दाने काय बिघडतं? एकट्या शब्दाने नाही बिघडत. पण ज्या आजारावर हसलं जातं तो आजार लपवला जातो, आणि लपवलेल्या आजाराची गोळी चुकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य निदान आणि औषध मिळालं तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांशिवाय जगू शकतात. काही गोळ्या गाबाच्या ‘थांब’ला बळ देतात, काही पेशीत शिरणाऱ्या सोडियमला आवर घालतात. त्या मनाने बंद करायच्या नसतात.

समोर कुणाला झटका आला तर काय करायचं? आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करा. डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, कपडे सैल करा, जमेल तसं कुशीवर वळवा. घड्याळ बघा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरा आला, तर १०८ला फोन.

एवढा मजकूर एका पानात मावतो. आपण कवितांची भित्तिपत्रकं लावतो, तसं हेही लावावं, मराठीत आणि हिंदीत, असं मी मंडळाला सुचवते. दिवाळीच्या सुट्टीत एक प्रत मी खातेगावला नेईन. बहीण आता रोज गोळी घेते आणि वर्गात जाते. पत्रक कुठे लावायचं ते तीच ठरवेल.