श्वासाचा हिशेब आणि व्यवस्थेची जबाबदारी

पहाटेच्या विमानाने दिल्लीहून मुंबई-पुण्याकडे निघालेला प्रवासी सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभा असतो, त्याच सुमारास त्याच्या विमानाचे वैमानिक आणि केबिन कर्मचारी एका वेगळ्या तपासणीला सामोरे जात असतात. छोटीशी खोली, समोर कॅमेरा, देखरेखीला डॉक्टर किंवा प्रशिक्षित निमवैद्यकीय कर्मचारी आणि टेबलावर श्वासातील मद्यांश मोजणारे यंत्र. नळीत फुंकर मारायची. यंत्राने शून्य दाखवले तर विमानाकडे जायचे. शून्याखेरीज काही उमटले तर पंधरा-वीस मिनिटांनी दुसरी चाचणी आणि तीही प्रतिकूल ठरली तर उड्डाण नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने घालून दिलेली ही शिस्त जगातील कडक नियमांपैकी एक आहे, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो या शिस्तीचा सारा भार कुणाच्या खांद्यावर टाकला गेला आहे हा. नळीत फुंकर मारणाऱ्या कर्मचाऱ्याचा हिशेब आपण काटेकोर ठेवतो. त्याला कामावर ठेवणाऱ्या कंपनीचा हिशेब मात्र तितक्याच काटेकोरपणे मागत नाही.

नियमाच्या कडकपणाला शास्त्राचा आधार आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. १९३७ च्या विमान नियमावलीतील २४ व्या नियमाने उड्डाणापूर्वीच्या बारा तासांत मद्यप्राशनास बंदी घातली. अमेरिकेत हीच मर्यादा आठ तासांची आहे आणि तेथे रक्तात शंभर मिलिलिटरमागे ४० मिलिग्रॅम मद्यांश ही वैमानिकासाठी निषिद्धतेची रेषा मानली जाते. ब्रिटनने २००३ च्या कायद्याने ती २० मिलिग्रॅमवर आणली. आपल्याकडे रस्त्यावरच्या मोटारचालकाला मोटार वाहन कायदा ३० मिलिग्रॅमपर्यंत सवलत देतो. वैमानिकाला मात्र शून्याखेरीज काहीच मान्य नाही. ते योग्यच आहे. मद्य रक्तातून निघून गेल्यानंतरही अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेवरचा त्याचा परिणाम काही तास रेंगाळतो. ढगांत, काळोखात, क्षितिज दिसत नसताना ज्याला आपल्या शरीराच्या जाणिवेवर नव्हे तर उपकरणांवर विश्वास ठेवायचा असतो, त्याची ती जाणीवच फसवी झालेली असेल तर अनर्थ ओढवायला वेळ लागत नाही.

महासंचालनालयाने हा नियम वेळोवेळी घट्ट केला. भारतातून निघणाऱ्या नियमित प्रवासी सेवेच्या कर्मचाऱ्यांची चाचणी कामाच्या पाळीतील पहिल्या उड्डाणापूर्वी होते. परदेशातून येणाऱ्यांची येथे उतरल्यावर. पहिल्यांदा दोषी आढळल्यास तीन महिने परवाना निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षे आणि तिसऱ्यांदा परवाना रद्द, अशी शिक्षेची चढती भाजणी आहे. कोविडच्या साथीत २०२० मध्ये संसर्गाच्या भीतीने ही चाचणी थांबवावी लागली, पुढे ती मोजक्या प्रमाणात सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२२ पासून पूर्ववत झाली. २०२३ च्या सुधारणेने तर मद्यांश असलेली औषधे, मुखशुद्धीची द्रावणे आणि दात स्वच्छ करण्याची जेलेही वर्ज्य ठरवली. मसुद्यात अत्तराचाही उल्लेख होता; अंतिम नियमात तो राहिला नाही. आयुर्वेदातील आसवे आणि अरिष्टे यांत मद्यांश स्वभावतःच असतो, होमिओपॅथीचे कित्येक अर्क मद्यार्कातच तयार होतात, हे ज्या देशात घरोघरी माहीत आहे तेथे कंपनीच्या डॉक्टरला विचारल्यावाचून औषध घेऊ नये, ही अपेक्षा रास्त म्हटली पाहिजे.

एवढी चोख व्यवस्था असताना उणीव कोठे राहते? ती अधिकाराच्या उतरंडीत राहते. चाचणी घेणारा कंपनीने नेमलेला असतो आणि चाचणी देणारा कधीकधी त्याच कंपनीतील बडा अधिकारी असतो. तेव्हाच्या सरकारी विमान कंपनीतील प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील परिचालन विभागाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा वैमानिक परवाना २०१७ मध्ये चाचणी टाळल्याच्या कारणावरून तीन महिन्यांसाठी निलंबित झाला. त्यानंतर त्याच वर्षी त्याच अधिकाऱ्याकडे परिचालन विभागाचे संचालकपद सोपवण्यात आले. म्हणजे वैमानिकांनी नियम पाळले की नाही हे ज्याने पाहायचे, त्या खुर्चीवर नियमभंगासाठी दंडित झालेली व्यक्ती बसली. नोव्हेंबर २०१८ मध्ये दिल्ली-लंडन उड्डाणापूर्वीच्या चाचणीत हेच संचालक दोषी ठरले आणि परवाना तीन वर्षांसाठी निलंबित झाला. यंत्राने आपले काम केले, नियामकानेही केले. पण पहिल्या निलंबनानंतर पदोन्नतीच्या कागदावर सही करणाऱ्यांना कोणी काही विचारले काय? शासकीय सेवेत फाइलींचा प्रवास ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या प्रश्नाचे उत्तर वेगळे सांगावे लागणार नाही. नियमात अशा निर्णयासाठी रकानाच नव्हता.

दुसरी उणीव जमिनीवरची. विमान सुरक्षित ठेवणारे हात केवळ कॉकपिटमध्ये नसतात. देखभाल अभियंते, हवाई वाहतूक नियंत्रक, इंधन भरणारे, सामान चढवणारे, धावपट्टीलगत वाहने हाकणारे या साऱ्यांच्या सावधपणावर उड्डाण उभे असते. सप्टेंबर २०१९ मध्ये महासंचालनालयाने त्यांनाही चाचणीच्या कक्षेत आणले आणि दररोज किमान दहा टक्के कर्मचाऱ्यांची यादृच्छिक तपासणी बंधनकारक केली. पाऊल स्वागतार्हच होते. मात्र अभियंता आणि नियंत्रक यांच्यापाशी निलंबित करण्याजोगा परवाना तरी असतो. कंत्राटदाराकडे रोजंदारीवर राबणाऱ्या हमालापाशी किंवा वाहनचालकापाशी काय असते? तो दोषी आढळला की त्याची नोकरी जाते, कंत्राटदार दुसरा माणूस उभा करतो आणि कंत्राट चालू राहते. दहा दहा, बारा बारा तासांच्या रात्रपाळ्या, अपुरी विश्रांती आणि देखरेखीचा अभाव या कारणांची नोंद चाचणीच्या पावतीवर उमटत नाही.

या संदर्भात अमेरिकेचा अनुभव पाहण्यासारखा आहे. ८ मार्च १९९० रोजी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या फार्गोहून मिनियापोलिसला गेलेल्या विमानातील तिन्ही वैमानिक मद्याच्या अमलाखाली असल्याचे उतरल्यावर उघड झाले. तिघांना तुरुंगवास झाला. या आणि अशा घटनांनी जनमत ढवळले आणि १९९१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने वाहतूक क्षेत्रातील कर्मचाऱ्यांच्या चाचणीचा कायदा केला. या कायद्याची मांडणी लक्षात घेण्याजोगी आहे. तेथे प्रत्येक उड्डाणापूर्वी प्रत्येकाची चाचणी होत नाही. त्याऐवजी कंपनीवर एक संपूर्ण कार्यक्रम राबवण्याचे बंधन असते: यादृच्छिक चाचणी, अपघातानंतरची चाचणी, सबळ संशयावरून चाचणी, तो संशय ओळखण्यासाठी पर्यवेक्षकांचे प्रशिक्षण, दोषी कर्मचाऱ्याचे तज्ज्ञाकडून मूल्यमापन, कामावर परतण्यापूर्वीची चाचणी आणि परतल्यावरचा पाठपुरावा. देखभालीचे काम बाहेर दिले तरी ती जबाबदारी टळत नाही. शिवाय १९७० च्या दशकापासून तेथे कंपन्या, वैमानिक संघटना आणि नियामक यांनी मिळून व्यसनमुक्तीची व्यवस्था उभी केली आहे. नॉर्थवेस्टच्या त्या विमानाचा कप्तान तुरुंगातून सुटल्यावर व्यसनमुक्त राहिला, सारे परवाने नव्याने मिळवून त्याच कंपनीत वैमानिक म्हणून निवृत्त झाला आणि २००१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली. शिक्षा आणि सुधारणा यांत वैर नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

आपल्याकडे ही दृष्टी अगदीच अपरिचित आहे असेही नाही. अमली पदार्थांच्या चाचणीचे नियम जानेवारी २०२२ अखेरीस लागू झाले, त्यांत पहिल्यांदा दोषी आढळणाऱ्या कर्मचाऱ्याला व्यसनमुक्ती व पुनर्वसन केंद्राकडे पाठवण्याची तरतूद आहे. मग मद्याच्या बाबतीत भर केवळ निलंबनावर का? ज्याला मद्याचे व्यसन जडले आहे, त्याच्यासाठी तीन महिन्यांची घरबसली शिक्षा हा उपचार नव्हे. कित्येकदा तो व्यसनाला मिळालेला मोकळा वेळ ठरतो. याहून गंभीर बाब अशी की, उपचाराची वाट दिसत नसेल तर माणूस लपवतो. सहवैमानिक आपल्या ज्येष्ठाची अवस्था जाणतो आणि गप्प बसतो. कारण तोंड उघडले तर एकाची उपजीविका जाईल आणि दुसऱ्याची बदनामी होईल. यंत्र त्या सकाळचा श्वास मोजते. वर्षानुवर्षे पोखरत आलेले व्यसन त्या सकाळी शून्य दाखवून निसटू शकते.

येथे एक राजकीय प्रश्नही दडलेला आहे. जो नियम व्यक्तीला बांधतो, तो आपण निष्ठेने राबवतो. जो नियम कंपनीच्या वेळापत्रकाला आणि नफ्याला भिडतो, तेथे हात आखडतो. वैमानिकांच्या विश्रांतीच्या सुधारित नियमांचे काय झाले ते आठवावे. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली, प्रवासी विमानतळांवर अडकून पडले आणि त्या नियमांतील काही तरतुदींना तात्पुरती सूट देण्याची पाळी सरकारवर आली. थकवा हाही मेंदूला मद्याइतकाच मंद करू शकतो. दोन घोट घेतलेल्या वैमानिकाला सूट नाही हे ठीक. पण पुरेसे वैमानिक न नेमणाऱ्या कंपनीला मात्र सूट मिळते, हा विरोधाभास सामान्य प्रवाशाने कसा समजून घ्यावा?

महासंचालनालयाला २०२० च्या दुरुस्तीने वैधानिक दर्जा मिळाला, दंडाची कमाल मर्यादा दहा लाखांवरून एक कोटी रुपयांवर गेली आणि १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या विमान कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. अधिकारांची वाण आता उरलेली नाही. तेव्हा तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. पहिली, चाचणी घेणारी यंत्रणा कंपनीच्या हुकमतीतून बाहेर काढावी. खर्च कंपन्यांनी उचलावा, नेमणूक मात्र स्वतंत्र असावी. दुसरी, चाचणीत सापडण्यापूर्वी जो स्वतःहून पुढे येईल त्याला उड्डाणापासून दूर ठेवून उपचार, देखरेख आणि परतीचा मार्ग नियमानेच द्यावा. सापडल्यावर मात्र दया नको. तिसरी, प्रत्येक कंपनीची आणि तिच्या कंत्राटदारांची दोषी प्रकरणांची आकडेवारी दरवर्षी संसदेपुढे यावी आणि प्रमाण वाढलेल्या कंपनीच्या संचालकांना जाब विचारला जावा. निलंबित अधिकाऱ्याला परिचालनाच्या पदावर नेमण्यास ठरावीक काळ बंदी असावी, हे तर वेगळे सांगायलाच नको.

यांपैकी कोणत्याही उपायाला नवे तंत्रज्ञान लागत नाही. लागते ती सफदरजंगच्या नियामकाची आणि त्यावर देखरेख ठेवणाऱ्या मंत्रालयाची इच्छा. दिवाळीला, गणपतीला दिल्लीहून गावाकडे निघणारा मराठी माणूस विमानात बसताना वैमानिकाचे नावही विचारत नाही. त्याचा विश्वास त्या व्यक्तीवर नसतो, व्यवस्थेवर असतो. त्या व्यवस्थेने कर्मचाऱ्याचा श्वास मोजावाच. परंतु त्याच टेबलावर कंपनीच्या कारभाराचीही नोंदवही उघडी ठेवावी.