बंदी जागेवर हवी, माणसावर नको

निवृत्तांना पुन्हा कामावर घेण्याचा विषय निघाला की दोन बाजू लगेच पडतात. एक म्हणते, अनुभव वाया का घालवायचा? दुसरी म्हणते, हे लोक तरुणांच्या पोटावर पाय देतात. मला दोन्ही मान्य नाहीत.

७ जुलै २०२३ चा शासन निर्णय घ्या. नियमित शिक्षक मिळेपर्यंत जिल्हा परिषद शाळांतल्या रिक्त जागांवर निवृत्त शिक्षक नेमायचे. कमाल वय ७०, मानधन दरमहा २०,००० रुपये. वर्ग ओस पडू नये म्हणून हे केलं, असं समर्थन झालं. पण शिक्षकाची जन्मतारीख सेवापुस्तकात पहिल्याच दिवशी चढते. तो कोणत्या महिन्यात ५८ वर्षांचा होणार, हे खात्याला तेव्हापासून ठाऊक असतं. भरती रखडवायची आणि मग निकड पुढे करायची, ही अनुभवाची कदर नव्हे. त्याच वर्षी प्राथमिकच्या नव्या शिक्षणसेवकाचं मानधन होतं १६,०००. पेन्शन चालू असलेल्याला त्याहून चार हजार जास्त! डी.एड. झालेली पोरं भडकली, ते रास्तच होतं.

त्यांचा राग मात्र निवृत्त माणसावर निघू नये. सोलापूरच्या पूर्व भागात एक चक्कर मारा. साठी उलटलेल्या बायका मांडीवर सूप घेऊन भिजवलेली तेंदूची पानं कात्रीनं कापताना, चिमूटभर तंबाखू भरून विडीला दोरा गुंडाळताना दिसतील. त्या कुणाची जागा अडवतात? कर्मचारी पेन्शन योजनेची (ईपीएस-९५) किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवरच आहे. तेवढ्यात महिन्याचं औषधपाणीसुद्धा भागत नाही. अशा बाईला ‘आता घरी बस’ म्हणणारा कायदा केला, तर तो कुणाच्या भल्याचा?

म्हणून रेघ जागेपाशी ओढावी. मंजूर, नियमित पदावर निवृत्त माणूस नकोच. मग तो शिक्षक असो की अधिकारी. ठरावीक मुदतीच्या, नेमून दिलेल्या कामावर मात्र जरूर घ्यावा: नव्या शिक्षकाला पहिलं वर्ष हाताशी धरायला, तुंबलेल्या विभागीय चौकशा निकाली काढायला. सामान्य प्रशासन विभागाच्या १७ डिसेंबर २०१६ च्या निर्णयाची दिशा हीच आहे. ती पाळायची तेवढी राहिली. आणि कारखान्यात, मागावर, घरबसल्या राबणाऱ्या निवृत्तांना लेखी नेमणूक, अपघाताची भरपाई आणि कामाइतकी पूर्ण मजुरी मिळावी. १९४८ च्या किमान वेतन कायद्यानं मजुरी ठरवताना म्हातारपणाची वजावट कधीच सांगितली नव्हती. सोलापुरात जिल्हा परिषदेच्या पूनम गेटसमोर भरतीसाठी बसणाऱ्या उमेदवारांनी आपल्या निवेदनात ही मागणीही घालावी.